मयत भागधारकाचा प्रश्न

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही, लावा पैज. जावईबापू तर आत्ताच गालातल्या गालात हसतायत. समोरच्या फ्लॅटमधले दातांचे डॉक्टर मान डोलावतायत, पण ती त्यांची धंद्याची सवय. पुढचा माणूस आ वासून काहीही बोलला तरी ते मान डोलावतात. आणि ही माझी भाची, इस्त्रीवरून नजर न उचलता म्हणते, "मामा, या खेपेला तरी थोडक्यात आटप."

थोडक्यात! अगं, एकोणीस दिवसांपूर्वी मेलेला माणूस भर सकाळी अकरा वाजता फोनवर आला, त्यानं तीन प्रश्न विचारले, आणि त्यापायी तुझी नोकरी, तुझं नाव आणि तुझं लग्न अशी तिन्ही एका दिवसात बुडायची वेळ आली होती. हे जावईबापू तेव्हा नुसते ठरलेले होते, झालेले नव्हते. तर थोडक्यात नाही. नीट ऐका.

१

माझा धंदा तुम्हाला ठाऊक आहे, डॉक्टरांना नसेल. तेवीस वर्षं मी कंपन्यांच्या फोनसभा कागदावर उतरवल्या. कंपनी दर तीन महिन्यांनी आपल्या भागधारकांशी फोनवर बोलते. ते प्रश्न विचारतात, साहेब लोक उत्तरं देतात, आणि कोपऱ्यातल्या खोलीत कानाला हेडफोन लावून एक माणूस शब्द न् शब्द टिपतो. कुणी खोकला तर कंसात 'खोकला' लिहायचं. कुणी खोटं बोललं तर मात्र नुसतं बोललेलं लिहायचं. माझे कान त्या काळी असे होते की तीन भिंतींपलीकडे कुणी चष्मा पुसला तरी कळायचं. हसू नका. सुती कापडानं की रेशमी, तेसुद्धा.

ती कंपनी कुलपं बनवायची. लोखंडाची नव्हेत, कम्प्युटरची. दवाखाने, बँका, विमान कंपन्या, सगळ्यांची माहिती चोरांपासून सांभाळायची. आम्ही तिला कुलूप कंपनी म्हणायचो आणि तिच्या संस्थापकाला कुलूपवाले. तिचा सगळ्यात गाजलेला माल म्हणजे आवाजाचं कुलूप. तुम्ही फोनवर दोन वाक्यं बोला, मशीन तुमचा आवाज ओळखतं. कुणी कम्प्युटरवर तुमचा हुबेहूब आवाज बनवून आणला, तर ते ताबडतोब हाकलून देतं. आजवर एकदाही फसलं नाही, अशी ख्याती.

ही कंपनी विकत घ्यायला एक अवाढव्य कंपनी निघाली. तिला थोरली म्हणू. जिचं काही ना काही तुमच्या खिशात, भिंतीवर नाहीतर मनगटावर असतंच, ती. बातमी जाहीर झाली आणि आठ दिवसांत भागधारकांत तट पडले. एक तट म्हणे, शेअरमागे चव्वेचाळीस मिळतायत, डोळे मिटून घ्या. दुसरा म्हणे, साठाचा माल चव्वेचाळीसला देताय, लाज वाटते का? तिसरा तट लहान, पण शहाणा. तो म्हणे, आपल्या गिऱ्हाइकांत निम्मे थोरलीचे वैरी आहेत, ते उद्या आपली कुलपं ठेवतील कशाला? तिकडे थोरलीच्या भागधारकांनी स्वतःच्याच साहेबांना धारेवर धरलं होतं, की एवढे पैसे उधळायची गरज काय. पाच दिवसांवर मतदान होतं. म्हणून सगळ्यांचं समाधान करायला खास फोनसभा बोलावली.

बोलणारे चौघंच. कुलूपवाले, कंपनीच्या पैशांचा कारभार बघणाऱ्या खजिनदारबाई, वकीलसाहेब, आणि भागधारकांशी गोड बोलायला पगारी ठेवलेला एक जण, त्याला सगळे पोपट म्हणत. त्या कंपनीची रीत अशी की चौघांनी एका टेबलाशी बसायचं नाही. ज्यानं त्यानं आपापल्या केबिनमध्ये दार लावून बोलायचं, कागदांची खसफस नको म्हणून. आणि फोन जोडणारी कोण? ही. माझी भाची. मीच लावून दिलं होतं तिला.

वीसेक मिनिटं ठीक चाललं. मग हिनं पुढचं नाव पुकारलं आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. ते नाव पुकारलं की सगळेच सरसावायचे. ह्या म्हाताऱ्या भागधारकाला आम्ही कातरीकाका म्हणायचो. पंधरा वर्षं एक सभा चुकवली नाही, आणि साहेबाचं वाक्य मधोमध कापल्याशिवाय एक प्रश्न विचारला नाही.

मशीन म्हणालं, "ओळख पटली. स्वागत आहे."

मग तो आवाज आला. जरा खोल गेलेला, जरा दमलेला. पण तोच.

"बाई, माझे तीन प्रश्न आहेत. पहिला. तुमची कुलपं थोरलीच्या वैऱ्यांच्या दारांवर आहेत. उद्या कुलूपवाला थोरलीचा घरजावई झाल्यावर ते वैरी आपल्या किल्ल्या त्याच्याकडे ठेवतील?"

कुलूपवाले बोलले. गुळगुळीत, विश्वासाबद्दल, मोकळेपणाबद्दल. बोलून थांबले. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे उत्तर नाही."

"दुसरा. एक्केचाळीसचा भाव देताय. निम्मा रोख, निम्मा थोरलीच्या शेअरांत. थोरलीच्याच लोकांना हा सौदा महाग वाटला आणि तो शेअर पडला, तर माझे एक्केचाळीस किती राहिले?"

कुलूपवाले गडबडले. लवकरच थांबले. मग लाइनवर नुसता श्वास. एक, दोन, तीन... दहा सेकंद कुणी बोललं नाही, आणि तो श्वास आत-बाहेर, आत-बाहेर, माझ्या दोन्ही कानांत. मग, "हे उत्तर नाही."

"तिसरा. विकल्यावर तुम्ही घरी बसणार, की थोरलीकडे नोकरी करणार? तुम्हाला स्वतःला तिनं काय कबूल केलंय?"

कुलूपवाले आता तावातावानं बोलायला लागले, आणि त्यांचं वाक्य मधोमध कापत काका म्हणाले, "हे उत्तर नाही. थांबतो."

त्यानंतर हिनं पुढची लाइन जोडली. कुठल्याशा पेन्शन फंडाचा माणूस होता. हिनं दोनदा विचारलं, "साहेब, आपला प्रश्न?"

"प्रश्न नाहीये माझा," तो म्हणाला. "आत्ता बोलले ते... मी त्यांच्या अंत्यविधीला गेलो होतो. आज एकोणीस दिवस झाले."

२

सभा तिथंच गुंडाळली. दुपारी बारापर्यंत काकांच्या मुलाकडून खातरजमा झाली. गेलेच होते. घरी, अंथरुणात, दीर्घ आजारानं. आता बघा हं. काका जाऊन एकोणीस दिवस. सौदा जाहीर होऊन आठ. म्हणजे ज्या सौद्याची बातमी काका गेल्यावर अकरा दिवसांनी फुटली, त्याबद्दल काका प्रश्न विचारून गेले.

त्या इमारतीत सगळीकडे काच आणि जाड गालिचे. पावलाचा आवाज नाही. त्या दुपारी तर माणसं भिंतीला धरून चालत होती. कॉफीच्या मशीनसमोर उभा असलेला एक जण मला म्हणाला, "मामा, तुमच्या हेडफोनात तो अजून आहे का हो?" मी म्हटलं, "आहे की. तुझी चौकशी करत होता." पेला तिथंच टाकून पळाला.

हसलो खरा, पण कुलूपवाल्यांच्या केबिनमध्ये गेल्यावर माझं हसू आटलं. ही तिथं उभी होती, रडून डोळे लाल. टेबलावर एक टाइप केलेला कागद.

"तुमच्या भाचीनं जुनी रेकॉर्डिंग वापरून कम्प्युटरवर आवाज बनवला," कुलूपवाले म्हणाले, "आणि मशीनची तपासणी बंद करून आत सोडला. तसं लिहून दिलं तर प्रकरण मी पोलिसांपर्यंत नेणार नाही. नुसती नोकरी जाईल."

"मी असलं काही केलं नाही," ही म्हणाली. "तपासणी चालूच होती. मशीननंच ओळख पटवली."

"अशक्य."

"मग मशीन फसलं असेल!"

"ते त्याहून अशक्य," ते म्हणाले, आणि मला सगळं कळलं. थोरली मुख्यतः त्या आवाजाच्या कुलपासाठीच कंपनी घेत होती. कुलूप फसलं म्हटलं की सौदा फसला. पोरगी फसवी निघाली की सौदा शाबूत.

त्यांनी घड्याळाकडं बघितलं. "पाच वाजता थोरलीचे लोक फोन करतील. तोवर सही."

"साहेब," मी म्हटलं, "एक विचारू? ते बोलत होते तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "मी बोलत असताना तो श्वास घेत होता हो. ऐकत नव्हता. नुसता श्वास घेत होता."

बाहेर आल्यावर हिनं माझी बाही धरली. "मामा, सासरी कळलं तर? आवाज चोरणारी सून कोण करील?"

"पाच वाजायला अजून साडेतीन तास आहेत," मी म्हटलं. "तू तोंड धू आणि सही करायचं पेन हरवून टाक."

३

आता मी कोण चौकशी करणारा? पण एक रीत माझ्या कामी आली. सभेत जो बोलला त्यानं आपापली पानं वाचून सही करायची, आणि ती पानं घेऊन केबिनोकेबिनी जायचं काम माझं. मी भराभर टंकून काढलं आणि निघालो.

पहिला पोपट. टेबलावर मनगटाएवढं जाड टायमरचं घड्याळ. पानं चाळताना त्याचा चेहरा पडलेला.

"साहेबांनी तिसरं उत्तर लांबवलं," तो म्हणाला. "किती वेळा सांगितलं. चाळीस सेकंद, मामा! उत्तर चाळीस सेकंदांचं. एक्केचाळिसाव्या सेकंदाला माणूस खरं बोलायला लागतो."

"हा नियम भागधारकांना माहीत असतो?"

"वेडे का? हे आमचं तालमीतलं. सभेआधी आम्ही नकली प्रश्न विचारून तालीम घेतो. ह्या वेळी तीनदा घेतली."

"नकली प्रश्न कोण विचारतं?"

"आमच्यातलंच कुणीतरी. सौद्याचं गुपित बाहेर कसं नेणार?" त्यानं सही केली, आणि मी दाराशी पोचलो तेव्हा मागून म्हणाला, "मामा, खरं सांगा, तो परत येईल का? पुढच्या सभेला?"

दुसरे वकीलसाहेब. त्यांनी खिशातून पेन काढून सरळ काकांच्या प्रश्नावर रेघ मारली. 'एक्केचाळीस' खोडून 'चव्वेचाळीस' केलं.

"साहेब, माणूस बोलला तेच लिहायचं असतं."

"माणूस!" ते खेकसले. "तुम्ही माणूस म्हणता त्याला? बरं, असो. पण आकडा चुकीचा आहे. एक्केचाळीसवर आम्ही महिनाभर अडलो होतो. चव्वेचाळीस झाले ते जाहीर व्हायच्या तीन दिवस आधी, आणि ते पहिलं एक्केचाळीस फक्त आम्हा चौघांना..."

बोलता बोलता वकीलसाहेबांचा रंग उडाला. मी त्यांना पाणी ओतून दिलं. त्यांनी माझ्याकडं न बघता प्यायलं आणि म्हणाले, "हे मी बोललो नाही."

"लिहिलंच नाही," मी म्हटलं.

तिसऱ्या खजिनदारबाई. पडदे ओढून बसलेल्या. दिवा लावला नव्हता. वयानं पन्नाशीच्या, बोलणं मोजकं. सगळ्या कार्यालयात त्यांचा दरारा. त्यांनी पानं वाचली नाहीत. पेन घेतलं, सही केली. कागद परत घेताना बोटांना बोटं लागली. बर्फ.

"बाई, वाचून बघा एकदा."

"काय वाचायचं. ऐकलंय की सगळ्यांनी." मग म्हणाल्या, "शेवटी 'थांबतो' म्हणाले ना?"

"हो."

"हं," त्या म्हणाल्या आणि पडद्याकडं तोंड करून बसल्या.

४

माझ्या कोपऱ्यातल्या खोलीत येऊन मी हेडफोन चढवला आणि ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. मेलेल्या माणसाबरोबर एकट्यानं बसून बघा कधी. कानांत त्याचा श्वास सुरू झाला की आपला आपोआप त्याच तालावर चालायला लागतो. मी दोनदा थांबवून स्वतःचा श्वास सोडवून घेतला.

मग घड्याळ लावलं. पहिला प्रश्न संपला, काका गप्प झाले, परत बोलले. चाळीस सेकंद. दुसरा. साहेब तिसाव्या सेकंदाला गप्प झाले होते, तरी काका बोलले ते चाळिसाव्याला. तिसरा. साहेब ऐन भरात होते, तरी काकांनी वाक्य कापलं. चाळिसाव्याला.

अंगावर सर्रकन काटा आला, आणि लगेच तो काटा बसलाही. जिवंत असो की मेलेला, जो ऐकतो तो उत्तर संपायची वाट बघतो. हा आवाज ऐकतच नव्हता. त्यानं आधीच मोजून जागा सोडली होती. तालमीत कुणीतरी उत्तर द्यावं म्हणून.

म्हणजे आवाज बनावट नव्हता. बनवणारानं आजचा भाव घातला असता, चव्वेचाळीस; हा एक्केचाळीस म्हणत होता. काका जिवंत असताना, भाव एक्केचाळीस असताना, तालमीसाठी कुणीतरी त्यांच्याकडून हे प्रश्न बोलवून घेतले होते. मशीन फसलंच नव्हतं! आवाज खरा, माणूस खरा. मशीननं एवढंच विचारलं की तुम्ही कोण. तुम्ही हयात आहात का, हे विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

चौघांपैकी कोण? मी कपाटातून जुन्या सभांची पानं काढली. फोन जोडणारीशी काका काय म्हणून बोलतात? हिच्याशी, हिच्या आधीच्या मुलीशी, तिच्याही आधीच्या मुलीशी. पंधरा वर्षं, साठ सभा. प्रत्येक पानावर 'पोरी'. "पोरी, जोड गं साहेबाला." "पोरी, माझा प्रश्न." एकदाही 'बाई' नाही. कुलूपवाल्यांना ते 'अहो' म्हणत, वकिलांना 'साहेब', पोपटाला 'पोपट' तोंडावर. बाई म्हणत ते एकीलाच.

पण एका शब्दावर माणूस पकडायचा नसतो. मी हिच्या टेबलाशी गेलो. साडेचार वाजले होते.

"मामा," ही पुटपुटली, "इकडे बघ."

तिच्या फलकावर लाइनींचे बारीक दिवे असत. सभा संपून पाच तास झाले होते, सगळे विझलेले. एक सोडून. काकांचा. हिरवा.

"मी बंद करायला घाबरले," ती म्हणाली. "मी बंद केली आणि पलीकडून कुणी काही बोललं तर?"

"बंद करू नकोस," मी म्हटलं. "काकांचा आवाज त्याच लाइनीतून परत पाठव. पुन्हा पुन्हा. मोठ्यानं."

"पाठव? कुठं?"

"जिथून आला तिथं."

तिनं बटण दाबलं. मी त्या लांबलचक मार्गिकेत जाऊन उभा राहिलो. दोन्ही बाजूंना बंद दारं. पोपटाचं दार. शांत. वकिलांचं. शांत. कुलूपवाल्यांचं. आत ते कुणाशी तरी हळू बोलत होते, बस. मी एकेक पाऊल टाकत पुढं गेलो, आणि शेवटच्या दाराअलीकडे थबकलो.

दारामागून, लाकडात कोंडल्यासारखा, दमलेला आवाज येत होता.

"हे उत्तर नाही... हे उत्तर नाही..."

५

मी दार न ठोठावता उघडलं. अंधारात बाई टेबलापासून दूर, भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. त्यांचे डोळे खालच्या ड्रॉवरवर. आवाज तिथून येत होता.

"त्यांना थांबवा," त्या म्हणाल्या. "मी नाही उघडणार ते."

मी ड्रॉवर उघडला. आत एक साधा मोबाइल, नंबर लपवलेला, स्पीकर चालू. शेजारी एक छोटं रेकॉर्डर. तो पेन्शन फंडाचा माणूस बोलला तेव्हा घाबरून त्यांनी दोन्ही आत लोटली होती, फोन बंद करायचं भान राहिलं नाही. मी कॉल कापला. असली शांतता मी आयुष्यात ऐकली नाही.

"बाई, पाचला दहा कमी आहेत. माझी भाची गुन्हा कबूल करणार आहे, तुमचा."

"तिचं नाव मध्ये येईल हे मला माहीत नव्हतं."

"आता आहे."

त्या खुर्चीत बसल्या. एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या. "वर्षभर मी साहेबांना सांगत होते. गिऱ्हाइकं जातील. तुम्ही स्वतःसाठी काय मागून घेतलंय ते भागधारकांना सांगा. माझं ऐकून घेत नव्हते. मला वाटलं, तालमीत काकांनी विचारलं तर ऐकतील. त्यांच्या आवाजाला ते भ्यायचे. गुपित फोडलं मी, त्यांच्या अंथरुणाशी जाऊन. तालमीआधी साहेबांना एकट्यांनाच हे ऐकवलं, तर हसले आणि म्हणाले, 'हा म्हातारा काही सभेला यायचा नाही आता.'"

"म्हणून तुम्ही आणलंत."

"म्हणून आणलं."

"म्हणजे साहेबांना आवाज ऐकताक्षणी कळलं होतं? तुम्ही ऐकवलेला तोच?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली. कुलूपवाल्यांना पहिल्या शब्दापासून ठाऊक होतं की ही कुणाची करामत. तरी कागद हिच्यापुढं सरकवला होता. बाईंनी तोंड उघडलं असतं तर साहेबांच्या स्वतःच्या मागण्याही उघड्या पडल्या असत्या.

बाई उठल्या. पदर सारखा केला, मार्गिकेतून ताठ चालत गेल्या, कुलूपवाल्यांचं दार ढकललं आणि टेबलावरचा तो कागद उचलून चार तुकडे केले. "थोरलीचा फोन मी घेते," म्हणाल्या. हीसुद्धा तोवर तिथं येऊन उभी होती, विचारा. त्यांनी फोनवर सगळं सांगितलं, स्वतःचं आणि साहेबांचंही.

बाईंची नोकरी गेली. वर गुपित फोडल्याची चौकशी झाली, ती त्यांनी निमूट सोसली. मतदान महिनाभर पुढं गेलं. तिसरा तट, तो लहान शहाणा, वाढत वाढत निम्म्यावर आला. शेवटी सौदा झाला, पण गिऱ्हाइकांच्या किल्ल्या थोरलीच्या हाती जाणार नाहीत असं लेखी घेऊन, आणि कुलूपवाल्यांच्या खास मागण्या काढून टाकून. आणि हिचं लग्न ठरल्या दिवशी झालं. जावईबापू, तुम्ही त्या दिवशी पातळ मिशी ठेवली होती, ते मात्र मी अजून माफ केलेलं नाही.

६

"मग ते काका?" डॉक्टरांनी विचारलं. "त्यांना ठाऊक होतं, आपला आवाज असा वापरला जाणार?"

डॉक्टर, तेच तर सांगायचं राहिलं. बाईंनी मला नंतर सगळं सांगितलं. खोली लहान, औषधांचा वास. अंगावर करडी शाल. बाई स्टुलावर बसून रेकॉर्डर असा घट्ट धरून होत्या की काका म्हणाले, "बाई, हातातलं खाली ठेवा, मी पळून चाललो नाही." तिन्ही प्रश्न बोलून झाल्यावर ते दमले. डोळे मिटले. बाईंना वाटलं झोपले. त्या खाली वाकून रेकॉर्डर पिशवीत ठेवायला लागल्या. तेवढ्यात काकांनी एक डोळा उघडला, बाईंच्या डोक्यावरून पलीकडं बघितलं आणि असा मिश्कील डोळा मारला म्हणता! मेलो तरी सभा चुकवणार नाही, असं म्हणणारा डोळा. बाईंना बिचाऱ्यांना तो दिसलासुद्धा नाही. सुंदर माणूस हो.

इस्त्रीचा आवाज थांबला होता. हिनं ती उभी करून ठेवली आणि माझ्याकडं बघितलं.

"मामा," ती म्हणाली, "बाईंना दिसला नाही, तर तुला तो कळला कसा? डोळा मारला कुणाला?"